मदत हवी आहे: शिडाच्या बोटीला डिझेलऐवजी इलेक्ट्रिक मोटर

नमस्कार मंडळी. पणजीला मांडवीत आमची २८ फुटी जुनी शिडाची बोट आहे. या पावसाळ्यात तिच्या डिझेल इंजिनाने राम म्हटला. आता त्याजागी ४८ व्होल्टची मोटर बसवावी असं डोक्यात आहे.

हा किडा कॉनरॅड कोलमन या दर्यावर्दीने सोडला. २०१६-१७ च्या व्हांदे ग्लोब शर्यतीत तो एकटा, कुठेही न थांबता, खनिज इंधन न जाळता जगाला फेरी मारून आला. त्या शर्यतीत असं करणारा तो पहिलाच. शेवटी शेवटी डोलकाठी मोडली, तर उरलेल्या तुकड्यांवर कसंबसं शीड बांधून ११० दिवसांत पोचला! वीज सूर्याची आणि पाण्याची: बोट शिडावर पळताना मोटरचा पंखा पाण्याने फिरतो आणि बॅटरी भरते.

पण त्याची बोट ६० फुटी, वेगवान. वेग निम्मा झाला की पाण्यातून मिळणारी ताकद आठव्या हिश्शावर येते. आमची म्हातारी जेमतेम ५ नॉट (ताशी साधारण ९ किमी). त्यात माझा पंखा घडीचा, शिडावर मिटून बसतो. वीज हवी तर न मिटणारा लावावा लागेल, म्हणजे वेग आणखी घटणार.

ऑटोपायलट, दिवे, रेडिओ मिळून दिवसाला साधारण सव्वा युनिट लागतं. छतावर २०० वॉटची दोन पॅनेल मावतात. एप्रिलमध्ये मुंबईपर्यंत न्यायची आहे, सकाळी वारा पडलेला असतो, म्हणजे तेव्हा मोटरच चालवावी लागेल.

कुणी असा बदल केलाय का? ५ नॉटला प्रत्यक्षात किती वॉट मिळतात? आणि इंजिनाच्या बंद खणात लिथियम बॅटरी आपल्या उन्हाळ्यात तापते का?