५० हजारांत छोटा गेमिंग पीसी, टेबलाच्या खणात मावेल असा (इंदूर)

राजेंद्रनगर_०५

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राजेंद्रनगरला राहतो, इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष. बाबांनी ५० हजार दिलेत पीसीसाठी आणि त्याच्या वर मला मागायचं नाहीये, ताईचं लग्न आहे या वर्षी. मॉनिटर आहे घरात, फुल एचडी ७५ हर्ट्झवाला, कीबोर्ड माउस पण आहे. फक्त डबा घ्यायचाय.

अडचण जागेची आहे. खोली माझी आणि आजोबांची मिळून एकच, आणि सुताराकडून करून घेतलेलं टेबल आहे त्याच्या डाव्या हाताला एक खण आहे, उंची ४२ सेंटिमीटर, रुंदी २८, खोली ५०, मागून प्लाय ठोकलेली. पीसी त्यातच बसायला हवा, खाली जमिनीवर ठेवला तर आजोबांना रात्री उठताना पायात येईल. आजोबा नऊला झोपतात म्हणून आवाजही कमी हवा.

गेम म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि सुट्टीत सायबरपंक खेळायची फार इच्छा आहे. बाकी कॉलेजचं कोडिंग.

काल सिल्वर मॉलला गेलो होतो, एका दुकानात कोटेशन दिलं ४६,५०० चं: रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅम एक स्टिक, ५१२ एसएसडी, आरएक्स ५८० ८ जीबी २०४८एसपी ग्राफिक कार्ड रिफर्बिश्ड, आणि छोटं कॅबिनेट ज्यात ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आधीच बसवलेला आहे, म्हणजे त्याचे पैसे वेगळे नाहीत. मी विचारलं की एवढ्या कार्डाला हा एसएमपीएस पुरेल का, तर म्हणाले "भिया, सब चल जाएगा". एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो काढून आणलाय, त्यावर +१२व्ही समोर १८ए लिहिलंय. घेऊ का? का मिनी आयटीएक्स (छोट्या मापाचा बोर्ड) बघू, यूट्यूबवर सगळे छोट्या पीसीसाठी तेच सांगतात.

जुनी_इंदूर_असेंबल

स्टिकरचा फोटो काढलास ते फार चांगलं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही आपली वीज १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. १८ अँपियर गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. डब्यावर ४५० छापलेलं असलं तरी तुझ्या कामाचे २१६च आहेत, आणि आरएक्स ५८० एकटंच १८५ च्या आसपास खातं. मग प्रोसेसर, पंखे सगळ्यांना मिळून राहिले ३० वॉट. सायबरपंक लावलास की पाच मिनिटांत बंद पडेल, आणि बंद पडला तर नशीब म्हणायचं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. २०१९ ला माझ्या बहिणीकडे असाच कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस होता, दुकान इथलंच, नाव घेत नाही. मे महिन्यात भर दुपारी फट् करून आवाज आला आणि जळका वास, एसएमपीएस गेला, जाताना बोर्ड घेऊन गेला आणि हार्डडिस्क पण, त्यात भाच्याच्या मुंजीचे सगळे फोटो होते. दुसरी कॉपी नव्हती. तेव्हापासून मी कोणालाही सांगताना आधी एसएमपीएस लिहून देतो आणि मग उरलेल्या पैशात बाकीचं बसवतो. चांगल्या कंपनीचा ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग), कोर्सेरचा सीएक्स ५५० वगैरे, आणि तो पुढचे दोन पीसी सांभाळेल.

आता कार्ड. २०४८एसपी म्हणजे खरं ५८० नाहीच. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र तयार करणारे छोटे भाग) असतात, ह्याच्यात २०४८, म्हणजे ५७० एवढेच, वर नाव ५८०. रिफर्बिश्ड येतात त्यातली बरीचशी क्रिप्टो मायनिंगमध्ये घासलेली असतात. आणि २०२३ पासून एएमडीने त्या पिढीचे ड्रायव्हर मुख्य लाइनमधून बाजूला काढलेत, त्यामुळे नव्या गेमसाठी काही सुधारणा मिळेल ही आशा धरू नकोस. त्याच्याऐवजी आरएक्स ६६०० बघ. १३२ वॉट, ८ जीबी, एकच आठ पिनची वायर, आणि ५८० पेक्षा बराच पुढे. फुल एचडीला सायबरपंक सेटिंग जरा मध्यम ठेवून आरामात चालेल. नवं घेतलंस तर बजेट ताणेल, सेकंडहँड मिळतं.

मिनी आयटीएक्स डोक्यातून काढून टाक. तो बोर्ड १७ बाय १७ सेंटिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४.४ बाय २४.४, म्हणजे फरक सात सेंटिमीटरचा, आणि त्या सात सेंटिमीटरसाठी बोर्डाचे पैसे जवळजवळ दुप्पट, वर सहसा छोटा एसएफएक्स एसएमपीएस लागतो तोही महाग. तेवढ्या पैशात तुझं कार्ड एक पायरी वर जातं. तुझा खण ४२ उंच आहे, मायक्रो एटीएक्सची छोटी कॅबिनेटं ३८ च्या आसपास असतात. उदाहरणार्थ कूलर मास्टरचं क्यू३००एल, साधारण ३८ उंच, २३ रुंद, ३९ खोल. बसतंय. तरी घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा खोका त्या मापाचा करून खणात ठेवून बघ, मागे वायरींना हात जातो का, पॉवरचं बटण दाबता येतं का. टेबलाच्या आत सुताराने पट्टी मारलेली असते ती मोजताना लक्षात येत नाही.

देवास_नाका

अजून एक रस्ता सांगतो. ऑफिसमधून निघालेले छोटे ब्रँडेड पीसी मिळतात, डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, एसएफएफ म्हणजे छोट्या साइजचे, तुझ्या खणात दोन मावतील. माझ्याकडे सातव्या पिढीचा आय५ आहे, लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड टाकून जीटीए ५ मस्त चालतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड ७० वॉटचं आहे, त्याला वेगळी वायर लागतच नाही, बोर्डाच्या स्लॉटमधूनच चालतं, आणि लो प्रोफाइलमध्येही येतं. आवाज अजिबात नाही. एकूण खर्च बराच कमी येईल.

जुनी_इंदूर_असेंबल

@देवास_नाका, नुसत्या जीटीएसाठी बरोबर आहे, पण ह्या मुलाला व्हॅलोरंट खेळायचंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतं. तेव्हा घ्यायचाच तर आठव्या पिढीपासून पुढचा. आणि त्या डब्यातला एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्याच खास मापाचे असतात, चार वर्षांनी एसएमपीएस गेला तर बाजारातला दुसरा बसत नाही. कमी पैशात, फक्त कॉलेजच्या कामासोबत थोडं खेळायचं असेल तर मी स्वतः हेच सुचवलं असतं.

तिलकनगर_ताई

मी मिनी आयटीएक्सवाली आहे म्हणून लिहिते. एनआर२०० कॅबिनेट, सव्वाअठरा लिटर. मला पुण्याला नोकरी आणि घर इंदूरला, वर्षातून दोन-तीनदा पीसी बसने येतो-जातो म्हणून घेतला, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. पण घरात एका जागी राहणार असेल तर दादा म्हणतायत ते खरं आहे, नको घेऊस. माझ्या बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट, कार्डाचा एकच, आणि बांधताना २४ पिनची वायर वाकवता वाकवता माझी बोटं सोलली होती.

हॉस्टेलला वगैरे कधी न्यावा लागलाच तर ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालून हातात ने, बाकी डबा बसमध्ये. कार्ड लावून नेलं आणि देवासच्या पुढे एक मोठा खड्डा लागला तर स्लॉट तडकतो.

सेकंडहँड ६६०० बद्दल: नक्की घे, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चालू पीसीत बघून. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून शेडर १७९२ दाखवतोय का बघ, फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम) पंधरा मिनिटं लावून ठेव आणि तेवढ्या वेळात गप्पा मारत बस, स्क्रीनवर ठिपके-रेघा येतात का, पंखा खरखरतो का ते कान देऊन ऐक, एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट दोन्ही लावून बघ, आणि मागच्या स्क्रूंवर खुणा आहेत का बघ, म्हणजे उघडलंय का ते कळतं. मूळ बिल माग, त्यावर सिरियल नंबर असला पाहिजे आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. बिल नाही म्हणाला तर मी तरी उठून आले असते, कितीही स्वस्त असो.

राजेंद्रनगर_०५

दादा, ताई, खूप आभार, मी रात्री सगळं बाबांना पण वाचून दाखवलं. दोन शंका राहिल्या. एक, जुना लॅपटॉप पडलाय, स्क्रीन फुटलेला, त्यात ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि ५०० जीबीची चपटी साटा एसएसडी आहे, ते वापरता येईल का. दुसरं, आत्ता फक्त ५६००जी घेऊन त्याच्या आतल्या ग्राफिकवर खेळलो आणि सहा महिन्यांनी कार्ड टाकलं तर?

जुनी_इंदूर_असेंबल

एसएसडी चालेल, बिनधास्त वापर, साटाची वायर बोर्डासोबत येते. गेम उघडायला एनव्हीएमईपेक्षा (जास्त वेगवान एसएसडी) चार-दोन सेकंद जास्त लागतील, तेवढं सोस. रॅम नाही चालणार, लॅपटॉपची काडी आखूड असते, एसओ-डीआयएमएम, डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय, तेव्हा रॅम सेकंडहँड घे, रॅम सहसा बिघडत नाही, ८ जीबीच्या दोन, ३२०० स्पीडवाल्या. एक काडी घेऊ नकोस, दोन असल्या की दोन्ही चॅनलमधून माल जातो. लॅपटॉपची रॅम मात्र विकून टाक, त्याचेही आत्ता बरे पैसे येतील.

५६००जी चं असं आहे की कार्ड कधीच टाकायचं नसेल तर चांगला. पण कार्ड टाकणार असशील तर साधा ५६०० त्याच्यापेक्षा पुढे, कारण जी मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्यात ३२, आणि गेममध्ये तो फरक दिसतो. शिवाय आतल्या ग्राफिकवर सायबरपंक म्हणजे सहा महिने नुसतं चिडणं. साध्या ५६०० ला आतलं ग्राफिक नाही हे लक्षात ठेव, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही येणार नाही, नाहीतर पहिल्या दिवशी घाबरशील. त्याच्यासोबत खोक्यात पंखा येतो, वेगळा घ्यायची गरज नाही.

बोर्ड बी४५० किंवा ए५२० चालेल, ६६०० ला पीसीआयई ३ वर (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) किंचित फरक पडतो, जाणवत नाही. कोणी ६५०० एक्सटी गळ्यात मारायला बघितलं तर मात्र नको म्हण, त्याला चारच लेन (माल जायच्या वाटा) आहेत, जुन्या स्लॉटवर ते गुदमरतं. बी४५० घेतलास तर दुकानातच बायॉस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून, चालू करून, स्क्रीन बघून मगच घरी आण.

आणि तो खण. मागची प्लाय काढावीच लागेल. इंदूरच्या मे महिन्यात खोलीतच ३६-३७ असतं, बंद खणात तीच गरम हवा फिरून पुन्हा आत जाईल, मग पंखे जोरात पळतील आणि आजोबांची झोपमोड. क्यू३००एलमध्ये मागे एकच पंखा येतो, पुढे १२० मिलिमीटरचा अजून एक लाव, तेवढा खर्च कर.

राजेंद्रनगर_०५

झालं एकदाचं! ५६००, बी४५०, क्यू३००एल आणि सीएक्स ५५० सिल्वर मॉलमधूनच घेतलं, पण दुसऱ्या दुकानातून, पक्कं जीएसटी बिल, सगळे सिरियल नंबर लिहून. बायॉस तिथेच अपडेट करून दिला. रॅम सेकंडहँड. आरएक्स ६६०० सुदामानगरच्या एका दादाकडून १३,५०० ला मिळालं, ताईने सांगितलेलं सगळं केलं, पंधरा मिनिटं फरमार्क चालू होतं तोवर त्यांच्या आईने पोहे खायला घातले. १७९२च दाखवलं, बिल जुळलं. लॅपटॉपची रॅम विकल्यावर सगळा हिशेब ४८,९०० वर आला, बाबांना अकराशे परत दिले.

खोक्याची युक्ती कामी आली, दादा. पुठ्ठा आत जाईच ना, सुताराची पट्टी खालून आत आली होती. ती काढल्यावर बसला.

एक गोष्ट सांगायची होती. काल आजोबांनी उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीसमोर धरली, म्हणाले बघू तुझा पीसी श्वास घेतो का. पुढचा धूर आत ओढला जात होता पण वरून निघालेला थोडा वळसा घालून पुन्हा पुढे येत होता. प्लाय मी अर्धीच कापली होती. जीटीए एक तास खेळल्यावर कार्ड ८१ डिग्रीला होतं, आणि पंखा आजोबांच्या पलंगापर्यंत ऐकू येत होता.

तिलकनगर_ताई

आजोबांना नमस्कार सांग. प्लाय पूर्ण काढ, आणि टेबल भिंतीपासून निदान हातभर नाही तरी वीतभर पुढे घे. त्यानंतर एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंडरव्होल्ट करून बघ (म्हणजे कार्डाचं व्होल्टेज जरा कमी करायचं), थोडं थोडं कमी करत जा, प्रत्येक वेळी एक तास खेळ, कुठे अडकला तर एक पायरी मागे. मला त्यानेच आवाजात सगळ्यात जास्त फरक पडला. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारशील तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस.

राजेंद्रनगर_०५

प्लाय पूर्ण काढली, टेबल वीतभर पुढे घेतलं. तोच गेम, तोच एक तास, ७२. अंडरव्होल्ट रविवारी करतो, तोवर सबमिशन आहे. आजोबा काल साडेनऊपर्यंत शेजारी बसून मला जीटीएमध्ये गाडी सिग्नलला थांबवायला लावत होते.