डिलिव्हरी घेताना चार्जिंगही तपासा

ओरखडे, पॅनेलमधल्या फटी बघायच्या हे आलंच, पण इलेक्ट्रिक गाडीत खरी तपासणी चार्जिंगची. एसी (घरचा, हळू) आणि डीसी (फास्ट) दोन्ही चार्जर तिथेच लावून बघा. एसी चार्जिंग गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून होतं, डीसी थेट बॅटरीत जातं; त्यामुळे एक चाललं म्हणजे दुसरं चालेलच असं नाही. केबल काढताना लॉक सुटतं ना, हेही बघा.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका! गाडी यार्डात महिनोन्‌महिने उभी असेल तर ती उतरते, आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. वाहतुकीसाठी हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते, ती दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. स्टेपनी नसेल तर पंक्चर किट मागा.

गाडीच्या ॲपमध्ये मालक म्हणून तुमचंच खातं जोडून घ्या, नंतर फार खेटे पडतात. आणि बॅटरी एलएफपी की एनएमसी (बॅटरीतल्या रसायनानुसार हे दोन प्रकार) हे विचाराच. एनएमसी रोज ८० टक्क्यांपर्यंत भरली तरी पुरे. एलएफपी मात्र अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो.