विषय: पुन्हा: २६ जूनच्या सभेला मंडळाचं नाव द्यायचं का?

प्रेषक: माधवी (सचिव)

नमस्कार मंडळी,

गणपतीला आपण ज्या चर्चचा हॉल भाड्याने घेतो, तिथल्या पाद्रीबाईंचा निरोप आहे. २६ जून हा छळ सोसलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला दिवस. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे सर्वधर्मीय प्रार्थनासभा आहे. आपण एक अभंग म्हणावा आणि पत्रकावर मंडळाचं नाव असावं, अशी त्यांची इच्छा.

नव्या सभासदांसाठी थोडक्यात: २००४ मध्ये इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचे फोटो बाहेर आले. पुढे जानेवारी २००६ मध्ये, धर्मशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज हन्सिंगर यांच्या पुढाकाराने, इथेच न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला 'नॅशनल रिलिजस कॅम्पेन अगेन्स्ट टॉर्चर' ही छळविरोधी संघटना उभी राहिली. ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम संस्था एकत्र आल्या, प्रार्थनास्थळांवर फलक लागले. २२ जानेवारी २००९ ला ओबामांनी सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या, कैद्यांचा छळ करणाऱ्या चौकशीपद्धती बंद करणारा आदेश काढला, त्यामागे यांचाही रेटा होता. आता त्यांचं काम मुख्यतः एकांतकोठडीविरुद्ध चालतं.

रविवारपर्यंत मत कळवा.

—

प्रेषक: श्रीकांत

अभंग जरूर म्हणू. नाव नको. आपण गणपती, दिवाळी आणि वर्षाला एक नाटक करणारी माणसं. आणि ज्यांना कोंडलं ते काही संतसज्जन नव्हते. ११ सप्टेंबरचा तो धूर मी हडसनच्या या काठावरून पाहिलाय. आधी सुरुवात कोणी केली, हेही लिहा ना पत्रकावर.

—

प्रेषक: प्रभाकर

श्रीकांतभाऊ, मी सध्या गावी आहे, चिमूर तालुक्यात. आईच्या मोतीबिंदूसाठी आलो होतो, आता धानाचे पऱ्हे टाकून झाल्याशिवाय भाऊ सोडत नाही. लाईट गेलीय, फोनवर लिहितोय, चुका पोटात घाला.

"सुरुवात कोणी केली" हे आमच्या गावाला फार जवळून माहीत आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा मुलूख आधीच पेटलेला. मिरवणुकीवर गोळीबार झाला, जमाव बिथरला आणि सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारण्यात आलं. आपल्याकडच्या भाषणांत हा भाग घाईत उरकतात. मी उरकणार नाही. मेली ती माणसंच होती, बहुतेक इथलीच, नावंही आपल्यासारखी.

मग फौज आली. बापे पकडून नेले किंवा रानात पळाले, आणि मागे राहिलेल्या बायांवर जे झालं त्यावर गावात आजही कोणी सरळ बोलत नाही. आजीही बोलली नाही. नागपंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही, विळी बाहेर निघत नाही, ते सगळ्यांकडेच. पण आजी त्या दिवशी ऊन असतानाच दाराला आतून आडणा लावायची. "काहून वं माय?" विचारलं की म्हणायची, "सोजीर येते." सोजीर म्हणजे फौजेतले शिपाई. हे साल १९८० च्या आसपासचं.

आता तुमच्या मुद्द्याकडे. सरकारचंही म्हणणं तुमच्यासारखंच होतं: सुरुवात कोणी केली? आणि त्याला उत्तर द्यायला उभा राहिला तो वकील नव्हता, पुढारी तर नाहीच. सेवाग्राम आश्रमातला एक विक्षिप्त बैरागी, प्रा. भणसाळी. कधीकाळी वर्षानुवर्षं मौन पाळलेला, कडुलिंबाचा पाला आणि कच्चं पीठ खाऊन राहिलेला माणूस. तो दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारी गेला. अणे आपल्या वणीचे, तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. मागणी एवढीच, की चिमूरच्या बायांवर काय झालं याची चौकशी करा. पुढे सेवाग्रामला त्याने ६३ दिवस उपवास केला, १२ जानेवारी १९४३ पर्यंत. उपवासाची बातमी छापायला बंदी होती. तेव्हा ६ जानेवारीला कितीतरी वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही.

भणसाळींनी खुनांचं समर्थन केलं नाही. खुनांची शिक्षा कोर्टाने द्यावी, बायांच्या अंगावर काढू नये, एवढंच. तुमच्या पाद्रीबाई याहून वेगळं काय मागताहेत? १९८४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारात तर हे चक्क लिहून ठेवलंय: युद्ध असो की आणीबाणी, छळाला कुठलीच सबब चालणार नाही.

—

प्रेषक: श्रीकांत

प्रभाकरभाऊ, हे मला माहीत नव्हतं. तरी विचारतो, इंग्रज गेल्याला इतकी वर्षं झाली. आपल्या ठाण्यांत 'पाहुणचार' होतो तेव्हा आपली भजनी मंडळं कुठे असतात? अमेरिकेला शिकवायला सोपं आहे.

—

प्रेषक: प्रभाकर

नसतात कुठेच. खरं आहे. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की देसाईगंज. १९७२ मध्ये तिथल्या ठाण्यात एका आदिवासी पोरीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा मथुरा खटला. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. यात किती महाराज, किती कीर्तनकार होते? मला एकही आठवत नाही. त्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मान्य करून लागू केलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत अडकून विरलं. आणि आपल्या भाषेत 'छळ' म्हटलं की अजून सासूच डोळ्यांपुढे येते, ठाणेदार येत नाही.

म्हणून म्हणतो, नाव द्या. पत्रकावर चिमूरही लिहा, देसाईगंजही लिहा. आणि हो, त्या मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांचाही उल्लेख राहू द्या.

लाईट आली. पंप सुरू करून येतो.

—

प्रेषक: माधवी (सचिव)

आतापर्यंत नाव द्यावं अशी अकरा मतं, नको अशी चार. पाद्रीबाईंना चिमूरबद्दल सांगितलं, त्या म्हणाल्या पाच मिनिटं बोला. प्रभाकरदादा, इंग्रजीत अर्धं पान पाठवाल का? कोणीतरी वाचून दाखवेल.

—

प्रेषक: श्रीकांत

चारातलं एक माझं, ते तसंच ठेवा. ते अर्धं पान मी वाचतो. पेटीही मीच आणतोय, गाडीत दोघांची जागा आहे, साडेपाचला निघू.