मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन कॅरव्हॅनने ॲडलेड ते उलुरू

पायवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲडलेडला राहतो. जुलैच्या सुट्टीत कॅरव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन उलुरू, म्हणजे वाळवंटातला तो प्रचंड खडक, आणि तिथून ॲलिस स्प्रिंग्ज असा बेत आहे. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा.

बाबा 31 वर्षं एसटीत चालक होते. शेवटची बरीच वर्षं रातराणीवर. इथे आल्या आल्या त्यांनी लेकीच्या खोलीतल्या नकाशावर स्टुअर्ट हायवेची रेघ पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत बोटाने नेली आणि विचारलं, "ह्यात घाट एकपण नाही?" तेव्हापासून तो रस्ता त्यांना दाखवायचाच, हे डोक्यात पक्कं बसलंय. गाडी मी चालवणार, पण पुढची सीट त्यांची. आईला उलुरूला प्रदक्षिणा घालायची आहे.

आता काळजीचं. कॅरव्हॅन जुनी घेतली आहे. रिकामं वजन 2,150 किलो, भरून जास्तीत जास्त 2,700. विकणारे म्हणाले, तुमची गाडी 3 टन ओढते, बिनधास्त जा. पण आमचा भारा बघून धडधडतं: पाच माणसं, आईचा कुकर, तवा, पिठं. शिवाय आई रोज इन्सुलिन घेते. फ्रिज वीज, बॅटरी आणि गॅस अशा तिन्हींवर चालतो, पण रस्त्यात बंद पडला तर? हाताशी नऊ दिवस आहेत. दवाखान्यापासून इतक्या लांब त्यांना नेणं बरोबर आहे का, हेही मोकळेपणी सांगा.

गवतफूल

नऊ दिवसांत दोन्ही नका करू. ॲडलेड ते युलारा (उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव) साधारण 1,600 किमी, तिथून ॲलिस 460 आणि ॲलिसहून परत 1,500च्या वर. म्हणजे रोज 400 किमी, एकही दिवस विसावा नाही. कॅरव्हॅन मागे असताना ताशी 90-95च्या वर जाऊ नका. साऊथ ऑस्ट्रेलियात 110 आणि पुढे नॉर्दर्न टेरिटरीत 130च्या पाट्या दिसतील, त्या आपल्यासाठी नाहीत. जुलैत इथे हिवाळा, दिवस दहा तासांचाच. सकाळ-संध्याकाळ कांगारू रस्त्यावर येतात, उत्तरेकडे कुंपण नसलेल्या भागात गुरंही. म्हणून साडेआठला निघायचं आणि साडेचारला मुक्कामी. बाबांना रात्रीचा रस्ता सवयीचा असेल, पण हा तो रस्ता नव्हे.

ॲलिस गाळा आणि वाचलेले दिवस उलुरूला द्या.

मैलाचा दगड

विकणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. गाडी किती ओढते हा एक आकडा. गाडी स्वतःवर किती भार घेते हा दुसरा, आणि लोक अडकतात ते तिथे. कॅरव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या गोळ्यावर येतो. तुमच्या बाबतीत 250 किलो धरा. ते गाडीच्या पाठीवर बसलेलं वजन आहे, गाडीच्या भारातच मोजायचं. पाच माणसांचे 320 धरले तर झाले 570. तुमच्या जातीच्या बऱ्याच गाड्यांना 600-700 किलोचीच मुभा असते. मग डिकीत काय ठेवणार?

पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की 160-180 किलो तिथेच गेले. वजनकाट्यावर जा. सगळं सामान भरून, माणसं बसवून, आधी गाडी-कॅरव्हॅन मिळून, मग वेगवेगळं वजन करा. जड सामान कॅरव्हॅनच्या चाकांच्या वर, खाली जमिनीलगत. मागच्या टोकाला जड ठेवलंत तर ती शेपटी हलवायला लागते. तशी हलली तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा आणि कॅरव्हॅनचा ब्रेक तेवढा हाताने हळूच दाबा. ते बटण कुठे आहे हे निघण्यापूर्वी डोळे मिटून सापडलं पाहिजे.

रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, 53.5 मीटरपर्यंत लांब असते. यूएचएफ रेडिओ घ्या, ट्रकवाले 40 नंबरच्या चॅनेलवर असतात. मागून आली तर आपल्या लेनमध्ये सरळ आणि एकसारखं चालत राहा, ती जाईल. मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर लांबूनच वेग कमी करा. तो जड असतो, उडायला वेळ घेतो आणि कधी थेट काचेसमोर उठतो.

ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी 250 किमी मध्ये पंप नाही, आणि कॅरव्हॅन मागे असली की तेल दीडपट-दुप्पट लागतं. टाकी अर्धी झाली की भरायची.

शेवंती

मी नर्स आहे, काही वर्षं पोर्ट ऑगस्टात काम केलं. आईंना जरूर न्या, पण तयारीने.

वापरात काढलेलं बहुतेक इन्सुलिन साध्या तापमानाला चार आठवडे टिकतं, तुमच्या पेनचा कागद वाचून खात्री करा. न उघडलेलं 2 ते 8 अंशात. तुम्ही उष्णतेची काळजी करताय, पण जुलैत धोका उलटा आहे. तिकडे रात्री पारा शून्याखाली जातो आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. रात्री ते गाडीत विसरू नका. फ्रिजमध्येही मागच्या थंड पत्र्याला टेकवू नका, मधल्या कप्प्यात छोट्या थर्मामीटरसोबत ठेवा. सगळा साठा एका जागी नको. पंपावर शिरण्याआधी फ्रिजचा गॅस बंद करायचा आणि निघताना तो बॅटरीवर आहे ना ते बघायचं.

कूबर पीडीला रुग्णालय आहे, युलाराला दवाखाना. त्यापलीकडे फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे विमानाने येणारी वैद्यकीय सेवा. त्यांचे तळ पोर्ट ऑगस्टा आणि ॲलिसला आहेत. पण निरोप पोचला पाहिजे. टेल्स्ट्रा कंपनीचं मोबाईल सिम घ्या, तरी मधले लांब पट्टे सिग्नलविनाच जातील. म्हणून उपग्रहावरून चालणारं आपत्कालीन बीकन घ्या आणि नोंदवून ठेवा. आणि आई-बाबांच्या प्रवास विम्यात आधीपासूनचा मधुमेह धरलाय का, हे आजच बघा.

प्रदक्षिणेबद्दल: पूर्ण फेरी 10 किमीच्या वर आहे. आईंना माला वाट न्या, सपाट आणि छोटी, जाऊन येऊन 2 किमी. उरलेलं गाडीरस्त्याने होतं. वर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे, तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांचं ते पवित्र स्थान. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काट्यावर जाऊन आलो. कॅरव्हॅन 2,570, म्हणजे आत. पण गाडी मर्यादेपेक्षा 60 किलो वर! डिकीतली हत्यारांची पेटी आणि डबे कॅरव्हॅनच्या चाकांवर हलवले, पाण्याची एक टाकी रिकामी ठेवणार. कूबर पीडीला भरून घेऊ. ॲलिस गाळलं. विम्यात मधुमेह नव्हता, जादा हप्ता भरून आज घातला.

अजून एक. बाबा पाना घेऊन कॅरव्हॅनभोवती फिरले, प्रत्येक टायरवर ठोकून आवाज ऐकला. डाव्या मागच्यापाशी थांबले आणि मला खाली वाकायला लावलं. कडेच्या रबरात केसासारख्या भेगा होत्या. शेजारी चार आकडे: 1114. म्हणजे 2014 सालचा अकरावा आठवडा. नक्षी मात्र नव्यासारखी, म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं. स्टेपनीसकट पाचही तेवढेच जुने निघाले. उद्या नवे बसवतो.

कोणी सांगेल का, नवे टायर घातल्यावर नटा पुन्हा किती किलोमीटरनंतर आवळायच्या?

मैलाचा दगड

पहिल्या 50 किमीला एकदा, मग 100ला, टॉर्क पान्याने. पुढे रोज सकाळी निघताना एक नजर. ते काम बाबांकडे द्या.