बारावीनंतर फादर (कॅथोलिक धर्मगुरू) व्हायचं तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न (वैजापूरकर): आमच्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) एक मुलगा बारावी झाला. पाचारण आहे, म्हणजे देवाने या कामाला बोलावलंय, असं म्हणतो. घरचे तयार आहेत, पण कोणाकडे जायचं, किती वर्षं लागतात, कागद काय लागतात हे कोणाला नीट माहीत नाही. आणि पुढे फादरचं रोजचं काम नेमकं काय असतं? प्रवचनातलं नको, खरं ते सांगा.

खोजेवाडी: आधी एक ठरवा, धर्मप्रांताचा (बिशपांच्या हद्दीतला) फादर की संस्थेचा (व्रतस्थ धर्मसंघाचा)? औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये अमरावतीतून वेगळा झाला. त्याचा फादर बिशपांच्या हाताखाली शक्यतो याच भागात राहतो आणि दारिद्र्याचं व्रत घेत नाही, म्हणजे नावावर जमीन असू शकते. संस्थेचा माणूस दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो आणि वरिष्ठ पाठवतील तिकडे जातो, मग ते ओडिशा असो की आफ्रिका. पुष्कळ मुलं ज्या संस्थेचा फादर शिबिराला आला तिच्यातच जातात. तसं करू नका.

वर्षांचं म्हणाल तर बारावीनंतर 8 ते 12 धरून चाला. आधी तयारीचं एक वर्ष, कधी दोन. मग तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं, ईशज्ञान (धर्मशास्त्र) चार, आणि मध्ये बहुधा एक वर्ष एखाद्या धर्मग्रामात प्रत्यक्ष काम. बी.ए. सोबत करायला लावलं तर वर्षं वाढतात. उपयाजकाची (फादरच्या आधीच्या पायरीची) दीक्षा 23 वर्षं पूर्ण झाल्यावर, गुरुदीक्षा (फादर होण्याची) 25 पूर्ण झाल्यावर, आणि दोहोंत किमान सहा महिन्यांचं अंतर. ब्रह्मचर्याचा शब्द उपयाजक होतानाच दिला जातो. मुलाच्या आईवडिलांना गुरुदीक्षेची तारीख तेवढी महत्त्वाची वाटते, पण परतीची वाट खरी बंद होते ती या टप्प्यावर.

अडतं कुठे? इंग्रजीत. पुण्याच्या पेपल सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या गुरुकुलात) काय किंवा नागपूरच्या सेंट चार्ल्सला काय, शिकवणं इंग्रजीतून. मराठी माध्यमातला हुशार मुलगा तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी गप्प बसतो आणि लोक समजतात त्याचं मन लागत नाही. प्रवेशाआधीचे सहा महिने फक्त इंग्रजी वाचनाला द्या.

गोदाकाठ: कागदांचं मी सांगतो. बाप्तिस्म्याचा जुना पिवळा पडलेला दाखला चालत नाही, नवा काढा. कारण दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), लग्न, दीक्षा या सगळ्याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतच समासात पडते, आणि सेमिनरीला ती टीप बघायची असते. दृढीकरण झालेलं नसेल तर आधी ते. पूर्वी दुसऱ्या सेमिनरीतून काढलेलं असेल तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र लागतं. हे लपवलं की पुढे हमखास बाहेर येतं.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. शाळेच्या दाखल्यावर एक, चर्चच्या वहीत दुसरं. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत नाही, म्हणून शाळेत जुनंच नाव राहतं. काहीही झालं तरी वहीत खाडाखोड करून घेऊ नका. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करा आणि विचारायच्या आधीच रेक्टरांना (सेमिनरीच्या प्रमुखांना) दाखवा.

पैठणरोड: रोजच्या कामाबद्दल. एका फादरकडे एक चर्च आणि भोवतीची आठदहा गावं, असं चित्र आपल्याकडे नवं नाही. नियमाने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) दिवसाला एकच. फादर कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, रविवारी गरज पडली तर तीन. म्हणून शनिवार संध्याकाळची मिस्सा कामाला येते, ती रविवारची धरली जाते. आठवड्यात गावातली मिस्सा रात्री आठच्या पुढे ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत सहाला बोलावलं तर फादर आणि पेटीवाला दोघंच.

बीडकडे तर दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नाताळला घरी म्हातारी माणसं आणि थोडकीच पोरं. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा (पोरांनी तो पहिल्यांदा घेण्याच्या तयारीचा) वर्ग जानेवारीत लावणारा नवा फादर दोन महिने रिकाम्या बाकांना शिकवतो. टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्येच घ्यावा.

आणि वह्या! बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. शिवाय मिस्सांच्या हेतूंची (कोणी कशासाठी मिस्सा सांगितली त्याची) वही: कोणाचा हेतू, किती दान, कधी अर्पण केली. चिठ्ठ्यांवर लिहून खिशात ठेवलं की दोन महिन्यांनी कोणाची मिस्सा राहिली ते कळत नाही आणि म्हातारी बरोबर लक्षात ठेवून विचारते. दिवसाला तीन मिस्सा केल्या तरी दान एकाचंच स्वतःसाठी ठेवता येतं (नाताळ सोडून), बाकीचं बिशप सांगतील त्या कामाला. रविवारची एक मिस्सा लोकांसाठी, तिला दान नाही.

गोदाकाठ: लग्नांचं राहिलं. तिथी धरून पत्रिका छापतात आणि मग फादरकडे येतात. एक बाजू बाप्तिस्मा न घेतलेली असेल तर बिशपांची सूट लागते, तिच्याशिवाय लग्न चर्चच्या लेखी अवैध. नाही म्हणायची वेळ येते आणि अख्खं गाव रुसतं. त्या पोराला सांगा, हे रुसवे काढायला सेमिनरीत वेगळा विषय नाही.

वैजापूरकर: बाप्तिस्म्याची वही मिशनच्या जुन्या चर्चमध्ये असेल तर दाखला तिथूनच घ्यावा लागेल ना?

गोदाकाठ: हो, जिथे बाप्तिस्मा झाला तिथूनच. जाताना आईवडिलांची नावं, बाप्तिस्म्याचं अंदाजे वर्ष आणि धर्मपित्याचं नाव लिहून न्या. एकाच नावाची चार पोरं निघतात.