वाईट दिवशीही काम ठराविक पातळीखाली जाऊ नये, यासाठी काय करता? (हिशेब-जीएसटीचं घरून काम, नाशिक)

इंदिरानगर_हिशेब

नमस्कार मंडळी. घरून हिशेब लिहिणं आणि जीएसटी रिटर्न असं काम आहे. बावीस पार्ट्या (म्हणजे ग्राहक). त्यात बरेचसे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले जॉबवर्कवाले (दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारे), दोन मेडिकल, आणि पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचं पॅकिंग करणारे दोघं. मदतीला एक मुलगी अर्धा दिवस असते.

चांगल्या दिवशी दीडशे बिलांची एंट्री आणि दोन पार्ट्यांची बँक जुळवणी (बँकेचं स्टेटमेंट हिशेबाशी ताडून पाहणं) आरामात होते. झोप झाली नाही, डोकं चढलं, घरात कुणी आजारी पडलं की थेट शून्य. मधलं काही नाही. त्या शून्याची भरपाई पुढचे दोन दिवस खाते, आणि नेमकी ती ८ ते ११ किंवा १७ ते २० तारखेच्या, म्हणजे रिटर्नच्या मुदतीच्या आसपास आली की सगळंच अंगावर येतं.

पहाटे पाचला उठणं, बारा कलमांचं वेळापत्रक वगैरे उपाय आठवडाभरच टिकतात. "जमेल तेवढं करा" हा सल्ला नको आहे. स्वतःकडून अपेक्षा वाढवायचीच आहे, पण ती वाईट दिवशीसुद्धा पाळता आली पाहिजे. नेमकं किती ठरवायचं, वाईट दिवशी काय करायचं नाही, आणि मोजायचं कसं?

कॉलेजरोड_करसल्लागार

ताई, आधी काय करायचं नाही ते ठरवा. आपल्या धंद्यात वाईट दिवशी काम कमी झाल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान चुकीचं काम झाल्याने होतं.

कामाचे दोन ढीग करा. परत उघडून दुरुस्त करता येणारं एका बाजूला: खरेदी-विक्रीची एंट्री, बँक जुळवणी, फाइल लावणं, पार्टीकडे कागद मागणं. एकदा गेलं की गेलं ते दुसऱ्या बाजूला: रिटर्न सबमिट करणं, चलन भरणं, पार्टीला अंतिम आकडा कळवणं. वाईट दिवशी दुसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, आंतरराज्य विक्रीला आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लागला, तर तोच आकडा पुढे ३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये येतो. जुलै २०२५ पासून तो तिथे हाताने बदलता येत नाही, ३बी भरण्याआधी १ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधून बदल करावा लागतो. खरेदीदार पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा पंधरावं तपासणी-अक्षर ती चूक पकडतं. पण लेजरमधून (खात्यांच्या यादीतून) दुसऱ्याच पार्टीचा बरोबर नंबर उचलला गेला, तर पोर्टलला काहीच खटकत नाही. खरेदीदाराला त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसलं नाही की मगच फोन येतो. थकलेल्या डोक्याची चूक बहुधा हीच असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल, ६,३०० च्या जागी ३,६००. जुळवणीत आलेल्या फरकाला नऊने भाग गेला तर आधी अदलाबदल शोधा (इथे २,७०० चा फरक). फरकाच्या निम्म्या रकमेची एंट्री सापडली तर ती उलट्या बाजूला पडलेली असण्याची शक्यता मोठी. वाईट दिवशी केलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटं या दोन कसोट्यांवर पडताळायचं, म्हणजे त्या दिवसाचं काम वाया जात नाही.

आता किती. तुमच्या बावीस पार्ट्यांसाठी माझा अंदाज: चाळीस बिलांची एंट्री, एका पार्टीच्या एका बँक खात्याची जुळवणी, आणि कागद बाकी असलेल्या तीन पार्ट्यांना संदेश. सगळं मिळून साधारण दीड तास, तेही दोन तुकड्यांत. यातला तिसरा भाग क्षुल्लक समजू नका. तुम्ही पडून असलात तरी समोरचा कागद शोधायला लागतो, आणि उद्या तुमचं काम अडत नाही.

शून्य बहुतेक वेळा कामाच्या ओझ्याने होत नाही. "सुरुवात कुठून करू" यावर सकाळी अडून बसल्याने होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी उठताना कागदावर जागा लिहून ठेवा: "अमुक पार्टी, बँक, १७ तारखेपर्यंत जुळलं, २,७०० चा फरक, पुढची ओळ एनईएफटी." नुसतं "बँक जुळवणी" लिहून भागत नाही. आजारी डोक्याला त्यातून पहिली कृती सापडत नाही.

अंबड_क्वालिटीवाला

वरच्या सल्ल्यात एकच बदल सुचवतो. चाळीसचा आकडा अंदाजाने घेऊ नका, स्वतःच्या नोंदीतून काढा.

टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तारखेनुसार व्हाउचर, म्हणजे नोंदी, मोजता येतात, पण ती बिलाची तारीख असते, एंट्री केल्याची नव्हे. म्हणून रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहायचा. वीस कामाचे दिवस लिहा. मग शून्याचे दिवस बाजूला काढा, उरलेले आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि खालून चौथा घ्या. तो ३५ आला तर तुमची खालची मर्यादा ३५. सरासरी घेऊ नका, सरासरीच्या खाली साधारण निम्मे दिवस जाणारच. आणि सगळ्यात चांगल्या दिवसावरून तर मुळीच ठरवू नका. बारा कलमी वेळापत्रकं तिथेच मोडतात, ती उत्तम दिवसाच्या मापाने शिवलेली असतात.

कारखान्यात ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असतो तसंच हे आहे. टार्गेट १५०, खालची मर्यादा ३५. मधला कुठलाही दिवस "पास". ३५ खालचा दिवस "रिजेक्ट", आणि रिजेक्टला कारण लिहायचंच. कारण एका शब्दात: झोप, डोकं, लाईट, घर, पार्टी. महिनाअखेरीस मोजा. बहुतेक रिजेक्ट एक-दोन कारणांत सापडतात. मग त्या एका कारणावरच काम करायचं. पाचही कारणांवर एकदम तुटून पडलं की एकही सुटत नाही.

अपेक्षा वाढवायची म्हणता, ती अशी. सहा दिवसांचा आठवडा धरून चार आठवड्यांत २४ दिवस. त्यांतले २२ पास झाले तर मर्यादा दहा टक्क्यांनी वर न्या, ३५ ची ३८. २२ पेक्षा कमी झाले तर आहे तिथेच ठेवा आणि कारणांकडे बघा. एका वाईट आठवड्याने मर्यादा खाली आणायची नाही, एका चांगल्या आठवड्याने वर न्यायची नाही. १९२४ मध्ये गुणवत्ता नियंत्रणातले शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट (वरखाली मर्यादारेषा असलेला आलेख) मांडला तो याच गोष्टीसाठी: रोजचा सहज होणारा चढ-उतार वेगळा आणि खरं बिघडलेलं वेगळं, हे ओळखण्यासाठी. प्रत्येक चढ-उताराला मशीनची सेटिंग बदलत बसलं की माल आणखी खराब निघतो.

एक पोका-योकेही करा, म्हणजे चूक करताच येऊ नये अशी सोय. टेबलावर लाल कार्ड. सकाळी वाईट दिवस ठरला की कार्ड उभं करायचं, आणि मदतीच्या मुलीला माहीत असलं पाहिजे की कार्ड उभं असताना ओटीपी मागायचा नाही नि द्यायचाही नाही. ओटीपी नाही तर रिटर्न जात नाही.

सातपूर_लाईट

कारणांत "लाईट" दिसला म्हणून थोडक्यात. राउटर १२ व्होल्ट, एक अँपियरचा असेल तर १२ वॅट घेतो. बाजारातला ८,८०० एमएएचचा मिनी यूपीएस साधारण ३२ वॅट-तासांचा असतो (तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे, १२ व्होल्टचा नव्हे). म्हणजे व्होल्टेज वाढवताना वाया जाणारी वीज धरून दोन तास, सव्वादोन तास. तुमच्या दीड तासाच्या कामाला पुरेल. फक्त राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्टेज बघून घ्या, काही ९ व्होल्टचे असतात.

२०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले की केबल तुटणारच. अशा वेळी मोबाइल हॉटस्पॉट वापरा. अभ्यासिकेत जाऊन बसलात तरी तिथल्या सगळ्यांच्या वायफायवर पार्टीचं पोर्टल उघडू नका.

गोदाकाठ_समुपदेशन

झोप आणि डोकं या दोन कारणांबद्दल बोलते.

कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी शिल्लक असते. झोप न झालेल्या दिवशी आपण जास्त कॉफी घेतो, रात्री परत झोप लागत नाही, आणि एका वाईट दिवसाचे तीन होतात. दुपारी दोननंतर बंद ठेवा. चहातही कॅफिन आहे, थोडं कमी.

अर्धशिशीसारखं डोकं दुखत असेल तर साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेतल्याने गोळ्यांमुळेच डोकेदुखी होऊ शकते. मिश्र गोळ्यांना (एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या) आणि अर्धशिशीच्या ट्रिप्टान गटातल्या औषधांना ही सीमा दहाच दिवसांची आहे. वरच्या वहीत गोळीचाही रकाना करा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तारखेनिशी नोंद पाहून त्यांना निदान करणं सोपं जातं.

"शून्य झालंच आहे तर आता सोमवारपासून" हा विचार सगळ्यात महागात पडतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस होता, पण माणसागणिक तो १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा आठवड्यात वेळापत्रक मोडलं म्हणजे तुमच्यात जिद्द नाही असा अर्थ काढू नका. आठवडा हा फारच लहान काळ आहे.

निश्चय "जर-तर" मध्ये लिहा. "मी जास्त नेटाने काम करीन" याऐवजी "साडेनऊला डोकं जड असेल, तर पडदा ओढून, स्क्रीनचा प्रकाश कमी करून पहिली दहा बिलं घेईन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही पद्धत पुढे बऱ्याच प्रयोगांत उपयोगी ठरली. वेळ, खूण आणि पहिली कृती तिन्ही त्यात हवीत.

आणि मनापासून सांगते: दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो शिस्तीचा प्रश्न धरू नका. डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक मराठीतही चालतो.

इंदिरानगर_हिशेब

खूप आभार, सगळ्यांचे. दोन शंका. किमान काम संपलं की थांबायचं की जमतंय तोवर ओढायचं? आणि वाईट दिवस नेमका २० तारखेलाच आला तर? तेव्हा रिटर्न न भरून कसं चालेल?

कॉलेजरोड_करसल्लागार

दुसऱ्याचं आधी. २० तारीख सरकारची, तुमची नव्हे. तुमची तारीख जीएसटीआर-१ साठी ८ आणि ३बी साठी १७ ठेवा. २बी (खरेदीवरच्या क्रेडिटची यादी) १४ तारखेला येतं, म्हणजे १५ ते १७ क्रेडिट पडताळायला मिळतात आणि पुढे तीन दिवस गाठीला राहतात. एक वाईट दिवस त्यात मुरतो. पार्ट्यांना मात्र सरकारी तारीख सांगूच नका. "बिलं ४ तारखेपर्यंत" एवढंच सांगा. उशीर झालाच तर ३बी ला रोजचे ५० रुपये, निरंक असेल तर २०, आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पार्टी आजच भरा म्हणून मागे लागली तर हा हिशेब तिला सांगता येतो: एक दिवस थांबल्याने पन्नास रुपये आणि थोडं व्याज, चुकीचं गेलं तर ग्राहकाचं क्रेडिट अडकणार.

त्याहून मोठा उपाय म्हणजे ओझंच पसरवणं. मागच्या आर्थिक वर्षातली उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्यांना तिमाही योजना घेता येते. महाराष्ट्रासाठी तिमाहीचं ३बी २२ तारखेला, पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ पर्यंत चलनाने. जॉबवर्कवाल्यांचे ग्राहक दर महिन्याला क्रेडिट मागतात, त्यासाठी १३ तारखेपर्यंत आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून महिन्याला ५० लाखांपर्यंतची बिलं टाकता येतात. मेडिकलवाल्यांचे बहुतेक ग्राहक किरकोळ, त्यांना तीही गरज पडत नाही. बावीसपैकी दहा जण तिकडे गेले तरी १७ ते २० चा घाट निम्मा उतरेल. निवड तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत करावी लागते, ती तारीख चुकवू नका.

अंबड_क्वालिटीवाला

पहिल्या शंकेचं: लाल कार्ड उभं असेल तर किमान काम झाल्यावर थांबा. माझं यावर ठाम मत आहे. थोडं बरं वाटलं म्हणून ओढत नेलं, की दुसऱ्या दिवशीची पडताळणी पंधरा मिनिटांऐवजी तासभर घेते, आणि पुढच्या वेळी कार्ड उभं करताना मन कचरतं. दुपारनंतर खरंच तरतरी आली तर कार्ड आडवं करा, पण ते एकदाच. दिवसातून दोनदा उभं-आडवं होणारं कार्ड कुणी मानत नाही.

कार्डावर किमान काम आकड्यात, पहिल्या कृतीची जागा आणि "ओटीपी नाही" एवढंच लिहा. ३५ चा आकडा पेन्सिलीने लिहा. चार आठवड्यांनी तो खोडून ३८ करायचा आहे.