भाऊ फुटबॉल खेळतो, चार महिन्यांत ११ किलो वाढलाय, कपाटात गोळ्या सापडल्या. मदत हवी आहे

पेठेतली_ताई:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणारे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

मी नोकरीला पुण्यात, घर कोल्हापूरला. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, कॉलेज सेकंड इयर, एका तालीम मंडळाच्या सीनियर फुटबॉल संघात यंदा त्याला कायम घेतलंय, विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळतो. बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल पण आमच्याकडे शाहू स्टेडियमवर मोठ्या दोन संघांची मॅच असली की अख्खी पेठ तिकडे असते, बाबांनीही याच संघाची जर्सी घातलेली, त्यामुळे घरात सगळ्यांनाच त्याचं कौतुक. गेल्या सीझनला शेवटी शेवटी बदली म्हणून उतरवला होता तेव्हा समोरच्या बॅकनं दोनदा खांद्यानं ढकलून लाइनीबाहेर टाकला आणि गॅलरीतनं पोरं 'ए काडी' म्हणून ओरडली, तेव्हापासून याच्या डोक्यात बसलंय की बॉडी करायची, आणि ती पण लगेच करायची.

गणपतीत वजन ६१ होतं, आता ७२. उंची तीच. आई म्हणते पोरगं खायला लागलंय, अंगाला लागलं, चांगलंय की. मलाही आधी बरंच वाटलं. पण या वेळी घरी आले तर पाठीवर आणि खांद्यावर मोठमोठे फोड आलेत, तोंड सुजल्यासारखं दिसतंय, आणि जो मुलगा कधी आवाज चढवून बोलत नव्हता तो आईनं नुसतं अजून एक भाकरी वाढू का विचारलं तर ताट ढकलून उठला. छातीला हात लागला तरी दुखतं त्याच्या, घरात पण आता दोन बनियन घालून बसतो. मांडीचा मागचा स्नायू सीझनच्या सुरुवातीलाच एकदा धरला आणि परत धरलाय.

काल अंथरुणं काढताना त्याच्या कपाटात तीन गोष्टी सापडल्या. एक मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरीचा) डबा, ज्यावर कंपनीचा पत्ता नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा, नंबर पण नाही. एक छोटी बाटली, मेथँडिएनोन १० मिग्रॅ लिहिलेली. आणि टॅमॉक्सिफेनची स्ट्रिप, जी बघून माझे हातपाय गार पडले, कारण माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झालेला आणि ती पाच वर्षं हीच गोळी घेत होती. १९ वर्षांच्या मुलाच्या कपाटात ती कशाला?

विचारलं तर म्हणाला ताई तू उगा टेन्शन घेऊ नको, सगळेच घेतात, ट्रेनरनं कोर्स लिहून दिलाय, आठ आठवड्यांचा असतो, नंतर बंद. मग मोबाइलवर जर्मन फुटबॉलर गोरेट्झ्काचे २०२० च्या लॉकडाउनच्या आधीचे बारीक नि नंतरचे अंगानं भरलेले फोटो दाखवले, आणि वर म्हणाला मेस्सीनं पण लहानपणी इंजेक्शनं घेतलीच की. मला यावर काय बोलावं तेच सुचलं नाही.

मला विचारायचंय ते असं की हे आत्ता एकदम बंद केलं तर चालतं का, कारण आमच्या काकांना दम्यासाठी स्टेरॉइड दिलेलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की अचानक थांबवू नका. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, काय तपासण्या करायच्या? त्याचं स्वप्न संतोष ट्रॉफीच्या (राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) कॅम्पपर्यंत जायचं आहे, तिथं उत्तेजकांची टेस्ट झाली तर? आणि बाबांना सांगू का? बाबा सरळ जिमवर जातील, चारचौघांत तमाशा होईल, आणि मग हा मला आयुष्यात परत काही सांगणार नाही. तो आत्ता घरात फक्त माझ्याशीच नीट बोलतो, ते मला घालवायचं नाहीये. कृपया त्याला नावं ठेवू नका, पोरगं मनानं खरंच चांगलं आहे.

गंगावेस_कट्टा:

ताई आधी एकच विचारा, सुई टोचून घेतो का. आपल्या भागात जिममध्ये मेफेनटरमाइनची इंजेक्शनं विकताना पोरं पकडल्याच्या बातम्या पेपरात येतात, ते ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं बीपी खाली आलं तर वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध आहे, आणि ही पोरं व्यायामाच्या आधी जोर यावा म्हणून शिरेत घेतात. बीपी कुठल्या कुठे जातं, धडधड होते, रात्र रात्र झोप नाही. त्यात सुई एकमेकांत वापरली तर काविळीपासून एचआयव्हीपर्यंत सगळं. दंडावर, कोपराच्या आत बघा.

डॉक्टर_साताराकर:

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. समोर पेशंट नाही त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून घेऊ नका, पण तुम्ही विचारलंय ते महत्त्वाचं आहे.

काकांचं स्टेरॉइड वेगळं. ते प्रेडनिसोलोनच्या जातीचं, ते बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं म्हणून हळूहळू उतरवावं लागतं. भावाचं मेथँडिएनोन हे अॅनाबॉलिक, टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं. ते थांबवायलाच हवं आणि 'कोर्स पूर्ण करू' म्हणून वाट बघायची अजिबात गरज नाही. पण थांबवल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण जिमवाले हे सांगत नाहीत. बाहेरनं हार्मोन येत होतं म्हणून त्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडत आलेलं असतं, वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात. गोळ्या बंद केल्या की काही आठवडे, कधी काही महिने, अंगात जोर नाही, कशात मन नाही, रडू येतं, आरशात आपण परत बारीक दिसतोय असं वाटतं. याच काळात पोरं घाबरून दुसरा कोर्स सुरू करतात. त्या दिवसांत त्याच्याजवळ कुणीतरी पाहिजे, आणि जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलला तर ते चेष्टेवारी नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

टॅमॉक्सिफेनचं उत्तर असं. मेथँडिएनोनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारखा होतो, त्यामुळे मुलांच्या निपलखाली गाठ धरते, दुखते. ते दाबायला जिममध्ये ही गोळी देतात. म्हणजे ज्यानं दिलं त्याला हे होणार हे आधीच माहीत होतं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ही गोळी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवते. पोटरी एका बाजूला सुजली, छातीत दुखलं, धाप लागली तर थेट दवाखाना.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) न्या, नाही मिळाले तर चांगला फिजिशियन. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी (हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतं, रक्त दाट होतं), लिव्हरच्या टेस्ट, लिपिड, क्रिएटिनिन, शुगर, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स), बीपी आणि एक ईसीजी, इतकं तरी होईल, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का ते डॉक्टर ठरवतील. एक लक्षात ठेवा, जोरात व्यायाम केला तरी एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या टेस्टमधले आकडे वाढलेले येतात, म्हणून जीजीटी (लिव्हरचीच टेस्ट, पण स्नायूंमुळे न वाढणारी) पण करून घ्या, नाहीतर नुसत्या त्या आकड्यावरनं घरात हलकल्लोळ होईल. बाटली, स्ट्रिप, डबा तिन्ही फेकू नका, सोबत न्या.

मेस्सीबद्दल त्याला शांतपणे सांगा. मेस्सीच्या शरीरात वाढीचं हार्मोनच पुरेसं बनत नव्हतं, डॉक्टरांनी निदान केलं आणि त्याची उंची वाढावी म्हणून उपचार झाले, पुढे त्याचा खर्च बार्सिलोनानं उचलला. तुमच्या भावाच्या शरीरात जे नीट बनत होतं ते या गोळीनं बंद पाडलंय.

जुना_हाफ:

मी सांगलीकडनं खेळायचो, आता पोरांना शिकवतो, मैदानावरचं तेवढं सांगतो. विंगरला ११ किलो म्हणजे पाठीवर पोतं घेऊन पळणं आहे, शिवाय यातलं बरंचसं पाणी असणार, तोंड सुजलंय म्हणता त्यावरनंच कळतंय. स्नायू गोळीनं झटक्यात फुगतो पण तो हाडाला बांधणारी दोरी, टेंडन, तेवढ्या वेगानं तयार होत नाही, म्हणून हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, परत परत धरतोय. त्याला एकदा विचारा की पहिल्या पाच यार्डात आधीसारखा सुटतोस का, साठाव्या मिनिटाला काय होतं. फुटबॉलरला हे स्वतःला माहीत असतं, फक्त कुणी विचारत नाही. माझ्या पोरांशी बोलताना मी लिव्हरपासून सुरुवात कधीच करत नाही, पहिल्या पाच यार्डांपासून करतो.

टेस्टचं म्हणाल तर अॅनाबॉलिक स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन दोन्ही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत आहेत, मॅचच्या दिवशीच नाही तर बाराही महिने बंदी. राष्ट्रीय स्पर्धांत नाडाचे (आपल्या देशातली तशीच संस्था) लोक नमुने घेऊ शकतात, आणि या गोळीच्या खुणा लघवीत बंद केल्यावरही आठवडे, कधी महिने सापडतात. सापडलं तर साधारण ४ वर्षं. फ्रान्सच्या पोग्बाचं बघा, २० ऑगस्ट २०२३ ला युव्हेंटस-उदिनेसे मॅचनंतर टेस्ट झाली, त्या दिवशी तर तो मैदानात उतरलाही नव्हता, बेंचवर होता. सप्लिमेंटमधनं गेलं, मुद्दाम घेतलं नाही म्हणाला, तरी आधी ४ वर्षांची बंदी लागली, अपिलात १८ महिन्यांवर आली. मँचेस्टर सिटीच्या कोलो तुरेनं २०११ ला बायकोच्या वजन कमी करायच्या गोळ्या घेतल्या, ६ महिने घरी. त्यांच्याकडे वकील होते, आपल्या पोराकडे कोण आहे? कुठलंही औषध घ्यायच्या आधी नाडाचं 'नो युअर मेडिसिन' अॅप आहे, त्यात नाव टाकून बघायची सवय लावा.

वजन वाढूच नये असं नाही. ६१ किलोच्या मुलाला वाढवायलाच पाहिजे होतं, ते त्याचं बरोबर होतं. पण नीट खाऊन, जड वजनं उचलून महिन्याला किलोभर वाढलं तरी भरपूर, दोन सीझनमध्ये तो ढकलला जाणार नाही. प्रोटीन वजनाच्या दीडपट ग्रॅम धरा, शंभर-एकशेदहा ग्रॅम. चार अंडी, पाव किलो चिकन, मूठभर फुटाणे, आणि कट्ट्यावर समोर काढून देतात ते म्हशीचं दूध आहेच की, त्याला तर पैलवानांची पिढ्यान्पिढ्या साक्ष आहे. व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) आणि क्रिएटिन या सप्लिमेंटवर बंदी नाही, पण भरवशाच्या दुकानातनं बिल घेऊन, सील बघून. आणि खांद्याचा धक्का सोसायचा तर ताकदीइतकंच पाय कधी रोवायचे हे शिकावं लागतं, ते मैदानावरच येतं.

बाबांना सांगायचं का? माझं मत, सांगा, पण रिपोर्ट आल्यावर, आणि भावासमोर, त्याच्या पाठीमागे नाही.

पेठेतली_ताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री गच्चीवर त्याच्याशी बोलले. दंड बघितले, सुई घेत नाही, फक्त गोळ्या. जुना_हाफ म्हणाले तसं पहिल्या पाच यार्डांचं विचारलं तर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला ताई, सुटत नाही गं आता, वळताना पाय मागंच राहतात, कोच पण बोलले. छातीतल्या गाठीची त्याला स्वतःलाच भीती वाटत होती, मला पण मावशीसारखं झालंय का असं विचारलं त्यानं. इतके दिवस एकटाच हे मनात घेऊन फिरत होता.

आज गोळ्या घेतल्या नाहीत, बाटली माझ्याकडे दिलीये. शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली. अट एकच, बाबांना रिपोर्टनंतर सांगायचं, मी हो म्हणाले आणि त्या वेळी मी सोबत बसणार आहे. रविवारी मॅच आहे, खेळू दे का? आणि रक्त द्यायला उपाशी जायचं का?

डॉक्टर_साताराकर:

बारीक आहे म्हणून ओरडणाऱ्यांना हे वाचायला द्यायला हवं. गाठीबद्दल त्याला आजच सांगा, त्याच्या वयात आणि या गोळ्यांनंतर येणारी अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, तरी डॉक्टर हात लावून बघतीलच, लाजू नको म्हणा.

रविवारची मॅच नको. बीपी आणि ईसीजी बघितल्याशिवाय नव्वद मिनिटं पळायचं नाही, शिवाय मांडी धरलेलीच आहे, संघाला तेच कारण सांगा, खोटंही नाही. रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, टेस्टोस्टेरॉन सकाळचंच बघतात. त्याआधी दोन-तीन दिवस जिम पूर्ण बंद, म्हणजे लिव्हरचे आकडे खरे कळतील. पाणी भरपूर प्यायला सांगा. रिपोर्ट आले की नाव झाकून इथं टाका, बघतो.